काकूंचा फोन

शिंपीकाका आणि काकूंचं राजकारणावरून रोज वाजायचं. "तुझ्या त्या पुढाऱ्याचं तोंड बंद कर आधी," काका मशीनवरून म्हणायचे. "तुम्ही कानात बोळे घाला," म्हणत काकू बटणं लावता लावता फोनचा आवाज वाढवायच्या.

काकू गेल्यावर काकांनी तो फोन मशीनशेजारी ठेवला. उघडला की त्या पुढाऱ्याची भाषणं एकामागून एक लागायची आणि काकू तिथेच बसल्यासारखं वाटायचं. पण जुनी खोड जाईना. तो बोलू लागला की काकांचं बोट त्याला पुढे ढकलायचं. मधेच स्वतःच्या पक्षाचं भाषण लागलं तर मात्र ते शेवटपर्यंत ऐकायचे.

दोन महिन्यांनी एका दुपारी बघतात तर फोनभर काकांच्याच पक्षाची भाषणं. काकूंचा पुढारी कुठेच नाही.



"अगं, एकदा तरी भांड," काका फोनला म्हणाले.