माव्याच्या पोटातले राखणदार

विस्कॉन्सिनातल्या आमच्या लसूणघासावर मावा पडला. फवारणीनं माझ्या मधमाश्या मरतील म्हणून ट्रॅक्टरची किल्ली मी ॲप्रनच्या खिशात लपवली आणि बारीक गांधीलमाश्या सोडल्या. त्या माव्यात अंडी घालतात, पिल्लं त्याला आतून खातात. पण पंधरवडा झाला तरी मावा टुणटुणीत! "आई, तुझ्या माश्या हरल्या. किल्ली दे," माझा हाल्वर म्हणाला. "गप रे, माश्याच तुझ्यासारख्या आळशी निघाल्या." विद्यापीठात शिकणारी त्याची लेक सिग्ने हसली. "आज्जी, माव्याच्या पोटात जिवाणू असतात, जिवाणूंत विषाणू. त्या विषाणूमुळे माशीचं पिल्लू मरतं." "म्हणजे मावा आजारी?" "उलट, त्यामुळेच जगतोय. तिघं एकमेकांना सांभाळतात." रोगानंच राखण करावी? मला काहीच उमजेना. साठ वर्षं या शेतात माझाच शब्द चालला. किल्ली काढली, हाल्वरच्या पसरलेल्या हाताला डावलून सिग्नेच्या मुठीत कोंबली. "तूच ठरव, बाई."