मोंढ्याच्या गल्लीचा हुकूम

निजामाच्या अमलात जालन्याच्या मोंढ्याकडं, तिथल्या घाऊक बाजाराकडं, जाणारी एक गल्ली तीन महिने बंद ठेवली होती. ती बंद केल्यानं बैलगाड्यांचं काय होतं ते मोजायला तोंडाशी एक पेशकार, म्हणजे सरकारी कारकून, बसवला. गाड्या वळसा घालून दुसऱ्या अंगानं जाऊ लागल्या आणि गल्लीतले कापसाचे व्यापारी जुगलकिशोर शेठ माश्या मारत बसले.

शेवटी शेठच्या अर्जावर गल्ली उघडली. महिना झाला तरी एकही गाडी तिकडं वळेना. पेशकारानं धावडा गावच्या कचरूची गाडी थांबवून त्याला हलवून जागं केलं.

"गल्ली खुली झाली, दवंडीबी पिटली. तुला मालूम न्हाई का?"

"मला मालूम हाये साहेब. पण आम्ही समदे गाडीत झोपून येतो, रस्ता बैलच बघतेत. त्यायला आता वळशाची सवय झाली. मला सांगून काय फायदा?"

पेशकारानं वर तसंच लिहून कळवलं. आठ दिवसांत जबाब आला.


बाजाराच्या दिवशी दवंडीवाल्यानं माणसांना बाजूला सारून बैलांपुढं हुकूम वाचला, आणि कितींनी मान हलवली ते पेशकार मोजत राहिला.