बेतायचं टेबल

खडूची रेघ सरळ चालली होती आणि शेवटाकडे तिला एक काटा फुटला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, जेमतेम. मास्तरने तो बोटाने पुसला.

खडू पुसता येतो. काल मात्र मास्तरच्या हातात कापायचं यंत्र होतं आणि खाली कापडाचे चाळीस थर. उजवा पाय उसळला, पातं वाकडं गेलं आणि चाळीस शर्टांच्या डाव्या बाह्या एका दमात वाया गेल्या.

कापड बेतणाऱ्याला या कारखान्यात मास्तर म्हणत, म्हणून बाई असली तरी तीही मास्तरच. तिच्या पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आत, पाण्याने भरलेली एक पोकळी होती. काढण्यात धोका, ठेवण्यात त्रास. लेक त्या पोकळीला भाडेकरू म्हणायची: भाडं देत नाही, वर उठसूट लाथा झाडतो. लाथा पायातून यायच्या. पोटरी दगडासारखी आवळायची, मग टाच जमिनीवर थडथडत राहायची.

मालकीणबाई आल्या. कालच्या बाह्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि तिथेच मास्तर काय ते समजली. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांशी बोलायला कुणीतरी जाणतं माणूस हवंय, त्या हळू आवाजात म्हणाल्या. पगार तोच, डोक्यावर पंखा. टेबल उद्यापासून दुसरं कुणी सांभाळेल.

"म्हणजे मला शोकेसमध्ये बसवताय."

"जपतेय गं तुला. उभं राहवत नाही तुझ्याच्याने."

उत्तर द्यायच्या आत पाय सुरू झाला. सवयीने तिने कंबर टेबलाच्या कडेला रेटली, तसं टेबलावरचं कापड थरथरलं. खडूची डबी खुळखुळली. मास्तर टक लावून बघत राहिली. पडू नये म्हणून ती गेले कित्येक महिने याच कडेचा आधार घेत होती. हात तिचा कधी हललाच नव्हता. प्रत्येक झटका तिची कंबर टेबलाला देत होती, आणि टेबल कापडाला.

इस्त्रीवाल्या काकांनी स्टूल सरकवलं. "बस जरा. नाचू दे तुझ्या भाडेकरूला, दमेल आपोआप."

तिने स्टूल बटणांच्या बुटक्या टेबलाशी ओढलं आणि बसली. कापड दाबायची लोखंडी वजनं मांडीवर ठेवा, म्हणाली. गार आहेत, असं काका बजावू लागले, तर माझ्या मांडीला गार-गरम कुठे कळतंय, म्हणून तिने त्यांना गप्प केलं. बटणं बाजूला सारली, एक तुकडा अंथरला, खडू उचलला. खाली टाच शिलाईयंत्रासारखी चालली होती. वर हात चालला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, एकदाही न अडखळता.

शिवणारी दोघं हात थांबवून बघू लागली. मालकीणबाईंनी वाकून रेघ पाहिली, मग तिच्या टाचेकडे पाहिलं.

"हे बटणांचं टेबल आहे," त्या म्हणाल्या. "बेतायचं टेबल बसल्यावर तुझ्या गळ्याशी येईल. आणि मास्तर उभ्यानेच बेततो. सासऱ्यांच्या वेळेपासून."

तीही तेच मानत आली होती. डॉक्टरांनी चाकांच्या खुर्चीचं सुचवून वर्ष उलटलं होतं. नवरा दर सुट्टीला विषय काढायचा आणि ती दर वेळी बघू म्हणायची. जो बसला तो मास्तर कसला, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

टाच अजून थडथडत होती. ती थांबायची वाट तिने पाहिली नाही.

"सुताराला बोलवा, बाई," ती म्हणाली. "त्या टेबलाचे पाय कापायचेत. मी चाकांची खुर्ची घेतेय."