तंतोतंत

"वाचतो, ऐका," इन्स्पेक्टर म्हणाला आणि त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "'वय चाळिशीच्या आसपास. लग्न झालेलं नाही. थोरल्या बहिणीच्या आधारानं राहतो.' आता बोला!"

समोर बसलेली थोरली बहीण काय बोलणार, कपाळ? ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. पिशवीत धाकट्याचा स्वेटर होता. तो आत न्यायची परवानगी अजून मिळाली नव्हती.

"'हातात कसब आहे, पण स्वभाव भिडस्त. नजरेला नजर देत नाही. काही विचारलं की आधी तोच प्रश्न पुटपुटतो, मग उत्तर देतो.' अहो, आणल्या आणल्या मी त्याला नाव विचारलं, तर हा म्हणतो, 'नाव... नाव...' माझ्या अंगावर काटाच आला!"

धाकटा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. गोदामांच्या मागच्या गल्लीत त्याचं वीतभर दुकान होतं. सुटे भाग धुवायला रॉकेल लागतं, त्याचा डबा दारातच असायचा. दीड महिन्यात तीन गोदामं जळाली, तिसऱ्यात पहारेकरी होरपळून गेला, आणि वर्तमानपत्रांनी पोलिसांची सालटी काढली. तेव्हा, गुन्हेगार कसा असेल हे बसल्या जागी सांगणाऱ्या डॉक्टरांकडून अहवाल मागवला गेला. अहवाल आला आणि चौथ्या दिवशी धाकटा आत.

"रॉकेल तर त्या गल्लीत सगळ्यांकडे असतं," ती म्हणाली.

"असतं ना. पण कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा एकच आहे. तेही लिहिलंय." त्यानं कागदावर टिचकी मारली. "खरं सांगू का बाई, तुमच्या डॉक्टरांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. 'वय पंचवीस ते पन्नास, रागीट, लहानपणी माया मिळालेली नाही.' दरवेळी हेच. त्यात माझा मेहुणासुद्धा बसतो! इतक्या वर्षांत त्यावरून एक माणूस सापडला असेल तर शपथ. पण हा अहवाल? माणूस पाहिला नाही, भेटला नाही, आणि जसाच्या तसा उभा केला. याला म्हणतात शास्त्र."

तिनं मांडीवरची पिशवी सरळ केली.

"तुम्ही तर त्यांच्याच ऑफिसात टायपिस्ट. अकरा वर्षं ना? मग हा कागद तुमच्याच हातून गेला असणार."

"हो."

"टाइप करताना भाऊ ओळखू आला नाही?"

जे सांगायला ती आली होती ते ओठांपर्यंत येऊन परत फिरलं. "आला," एवढंच तिनं म्हटलं.

"बघा! सख्ख्या बहिणीलासुद्धा कळलं." आणि त्या गृहस्थानं ते तिच्यादेखत लिहूनही घेतलं.

सकाळी डॉक्टरांच्या पाया पडायचं तेवढं तिनं बाकी ठेवलं होतं. "शुक्रवारी माझा सत्कार आहे," डॉक्टर म्हणाले होते, "आणि तुम्ही मला अहवाल मागे घ्यायला सांगताय? खाली सही कुणाची? माझी. मग विषय संपला." मेल्या, तुझा सत्कार घाल चुलीत! हे तिच्या जिभेवर होतं. पण अकरा वर्षं 'बरं' म्हणायची सवय. ती 'बरं' म्हणाली आणि जिन्यात उभी राहून स्वतःच्याच रागानं रडली.

"वकील कधी मिळेल त्याला?" तिनं विचारलं.

"मिळेल हो, वकील कुठं पळून जातोय? उद्या कोर्टात उभा करतोय. तुम्ही फक्त त्याला जरा समजवा. कोर्टातही निमूट कबूल केलं तर शिक्षा तरी कमी होईल. जा, पाच मिनिटं."

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. धाकटा स्टुलावर बसला होता. तीन दिवस त्याला झोपू दिलं नव्हतं. डोळे सुजून बारीक झाले होते.

"ताई, जेवलीस?" त्यानं जमिनीकडे बघत विचारलं.

तिनं त्याच्या खांद्यांवर स्वेटर टाकला आणि भराभर बोलू लागली. "नीट ऐक. कशावरही सही करायची नाही. वकील येईपर्यंत पेनाला हातसुद्धा लावायचा नाही. कळलं?"

"सही... सही केली की," तो म्हणाला. "मघाशीच."

"अरे वेड्या! का? तू तर काहीच केलेलं नाहीस!"

"मलाही तसंच वाटत होतं. पण त्यांनी तो कागद वाचून दाखवला, चार-पाच वेळा. त्यात कुलपाचं आहे. दिवा लावून झोपतो तेही आहे. आई गेल्यावर सहा महिने मी तोंड उघडलं नव्हतं, तेसुद्धा आहे गं. मला कधी न पाहिलेल्या माणसाला एवढं कळतं, तर उरलेलंही बरोबरच असणार. मीच लावली असेल आग. मला आठवत नसेल."

दार उघडलं. "झाली पाच मिनिटं," इन्स्पेक्टर म्हणाला.

ती हलली नाही. तिनं धाकट्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"डॉक्टर टेपवर बोलून परगावी गेले होते," ती म्हणाली, "आणि टेप कोरी निघाली. त्यांचे अहवाल नुसते फायलीत पडतात, त्यावरून कधी कुणी सापडत नाही. आल्यावर त्यांनी न वाचताच सही ठोकली. मला एक पान भरायचं होतं रे, आणि एकलकोंडा माणूस मला एकच माहीत होता."