बिनआवाजाचा पंखा

कॉम्प्युटरचे पार्ट निवडत होती ती आणि दुकानदार समजावत होता तिच्या नवऱ्याला.

"साहेब, मॅडमचं कार्टूनचं काम आहे ना, मग ग्राफिक्स कार्ड नवीनच घ्या."

"कार्टून नाही," तीच मध्ये बोलली, "इमारतींचे थ्रीडी व्हिडिओ. कार्ड मागच्या वर्षीचं चालेल, रॅम मात्र चौसष्ट हवी. आणि ते रंगीत दिवे काढा, मला सर्कस नाही उघडायची."

असं एकेक छाटत मशीन बजेटात बसवलं, तरी ती स्टुलावर टेकेना. मागच्या महिन्यात व्हिडिओ उशिरा दिला म्हणून एक बिल्डर हातचा गेला होता. आता एकच उरला होता, आणि त्याला परवा व्हिडिओ हवा होता.

"आता पंखे. घरात वापरायचंय, तर हे बिनआवाजाचे घ्या. मशीन चालू आहे की बंद, कळणारसुद्धा नाही."

"ते नकोत. सगळ्यात जास्त घरघरणारे द्या."

नवरा हसला. "अगं, लोक शांततेसाठी जादा पैसे मोजतात. आणि व्हिडिओ तयार होताना तुला काय, नुसतं बसूनच तर राहायचं असतं."

"नुसतं नाही बसत. एकेक फ्रेम तपासते. एक जरी बिघडली आणि मी चहा टाकायला उठलेली असले, की चार तास पाण्यात." तिने घरघरणारे तीन पंखे स्वतःच उचलून काउंटरवर ठेवले. "हे वाजत असतील तेवढा वेळ तरी तुझ्या आईला पटेल, की मी कामावर आहे."