पिवळे कण

वाटणीत धाकट्या सूर्यभानने श्रीगोंद्याची पाटाखालची काळी जमीन स्वतःकडे ठेवली आणि खडकाळ माळ माझ्या नावावर केला. वर चारचौघांत म्हणाला, "दादा, तुला रान कशाला? तू आपली पुस्तकं नांगर!" लोक हसले. मी कागदावर सही केली.

यंदा तो सावेडीला माझ्या घरी आला. मला न विचारता माझ्या माळावरून मुरूम काढताना त्याला पिवळ्या चकचकीत कणांचा एक दगड सापडला होता. मी जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला विचारणं त्याला भागच होतं.

"पायराइट असावं. दिसतं सोन्यासारखं, पण सोनं नाही," मी म्हणालो. पूर्ण खात्री असली तरी माझ्या तोंडून 'असावं'च निघतं.

"मला येडा समजतो व्हय? सोनं न्हाई, तर आवाज का कापतोय तुझा?"

"माझा आवाज नेहमीच कापतो रे."

"ते काय न्हाई. तुझा माळ मला दे, माझी काळी जमीन तू घे."

"बघ बाबा, पस्तावशील," मी म्हणालो. मग तर त्याला फारच घाई झाली.

हातोडीचा घाव घातला की सोनं चपटं होतं आणि पायराइटचा भुगा होतो.



ते मी त्याला त्याच्याच दगडावर करून दाखवलं, अदलाबदलीचा दस्त नोंदवून आम्ही कचेरीबाहेर आल्यावर.