खाट एक, खाट दोन

इंजिनिअर बाईंना स्वतःची चूक सापडली. दोन पेशंटांचे ठोके दाखवणारं त्यांचं मशीन सुरू होताना सेन्सरना ‘खाट एक’ आणि ‘खाट दोन’ अशी नावं द्यायचं, आणि ती नावं त्यांनी उलटी लिहिली होती. त्यांनी प्रोग्राम दुरुस्त करून हॉस्पिटलच्या सगळ्या मशीनवर चढवला. मग मन घट्ट करून वॉर्डात फोन लावला.

“सिस्टर, खाटांची नावं आमच्याकडून उलटी पडली होती. आज सकाळपासून बरोबर दिसतायत. माफ करा.”

“अहो, ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हापासून आम्ही वायरीच उलट्या जोडतो, एकची दोनला आणि दोनची एकला.”

मग रिसीव्हर टेबलावर पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सिस्टरची धावती पावलं.